अर्धा चोक

तर मंडळी, या शनिवारी सॉफ्टवेअरबद्दल काही नाही. या वेळी कार्बोरेटर!

आमच्या शहाद्याच्या घरी एक आरएक्स १०० आहे. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर. हे मॉडेल आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनलं. आमची १९९४ ची, म्हणजे माझ्यापेक्षा मोठी. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवरच्या शाळा त्यांनी याच गाडीवर केल्या. शनिवारी शाळा सुटली की घाट उतरून घरी. आता रिटायर झालेत, पण बाजारात जायला, शेतावर चक्कर मारायला हीच गाडी.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मला हौस आली. एअर फिल्टरचा मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवला आणि सायलेन्सरच्या जागी एक्स्पान्शन चेंबर. कार्बोरेटरला हात लावला नाही, कारण तो "चांगला चालत होता". आवाज काय जबरदस्त! पण थ्रॉटल पाऊणच्या पुढे गेला की गाडी घुटमळायची, आणि थ्रॉटल सोडला तरी रेस लगेच खाली यायची नाही. "होईल सेट" म्हणून मी पुण्याला परत.

जानेवारीत आईचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "हे आजकाल बाजारात पायीच जातात." खोदून विचारलं तेव्हा कळलं. सारंगखेड्याच्या तापीच्या पुलावर, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत गाडी बंद पडली होती. अण्णांनी ती ढकलत पुलाच्या पार नेली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. गाडी अंगणात लावली आणि किल्ली खिळ्याला अडकवली.

त्यानंतरचे चार शनिवार-रविवार मी शहाद्यात काढले.

पहिल्या खेपेला प्लग बदलला. मग इग्निशन कॉइल. मग टाकी रिकामी करून नवीन पेट्रोल. कार्बोरेटर तीनदा खोलून साफ केला. गाडी मिसिंग मारतेय म्हणजे पेट्रोल जास्त होतंय, असं गृहीत धरून सुई एक खाच खाली उतरवली. त्याने आणखीच बिघडलं. ऑफिसात ज्युनिअर मुलांना मी रोज सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला. इथे मात्र एका दुपारी तीन तीन बदलत होतो...

तिसऱ्या खेपेला वैतागून मित्राला मागे बसवलं आणि तोरणमाळला निघालो. म्हसावद, राणीपूर, मग सातपायरी घाट. खाली मैदानात गाडी रडत होती. घाट चढत गेलो तशी सुधारली! वर यशवंत तलावापाशी तर अगदी शहाण्यासारखी चालली. खाली उतरलो, पुन्हा तेच.

रात्री विचार केला तेव्हा ट्यूब पेटली. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर. शहाद्याच्या तुलनेत तिथली हवा दहाएक टक्के विरळ. कार्बोरेटरला हे कळत नाही, त्यामुळे हवेच्या मानाने पेट्रोल जरा जास्त जातं. साध्या गाडीला वर गेल्यावर जड वाटायला हवं. आमची उलट सुधारत होती, म्हणजे खाली तिला पेट्रोल कमी पडत होतं. सकाळच्या थंडीत, हवा दाट असताना, ती जास्त त्रास द्यायची, तेही याच्याशी जुळलं. दुसऱ्या दिवशी फुल थ्रॉटलवर पळवून क्लच दाबून लगेच बंद केली आणि प्लग काढला. बिस्किटासारखा तपकिरी हवा, तो पांढरा फटक.

तेव्हा पोटात गोळा आला. टू-स्ट्रोक अशी कोरडी चालत राहिली तर इंजिन तापतं, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये जाम होतो आणि मागचं चाक जागीच अडकतं. अण्णा पुलावर होते. गाडी नुसती बंद पडली हे नशीब.

कारण सरळ होतं. मूळ डबा हवेला थोडा अडथळा करतो, त्यामुळे जेटपाशी ओढ चांगली तयार होते. डबा काढला की हवा वाढते, ओढ घटते आणि तेवढ्याच जेटमधून पुरेसं पेट्रोल येत नाही. पाऊण थ्रॉटलच्या पुढे सगळा भार मेन जेटवर, म्हणून तिथेच घुटमळत होती. मोठा जेट शोधायला गल्लीतल्या मिस्त्रीकडे गेलो तर तो म्हणाला, "भाऊ, पहिले जशी व्हती तशी करी देख."

केली. डबा परत, सायलेन्सर परत, सुई मूळ खाचेत. घुटमळणं गेलं! पण रेस अजून अडकत होतीच. म्हणजे बिघाड दोन होते. गाडी चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबरी जॉइंटवर पाण्याचा फवारा मारला, तर लगेच रेस बदलली. रबराला खालच्या बाजूला बारीक चीर. तिथून आगाऊ हवा आत जात होती. थ्रॉटल कमी असताना इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, म्हणून तेव्हा ही आगाऊ हवा जास्त बाधते.

पण चीर जुनी दिसत होती, मळलेली. अण्णांना विचारलं, "मी हात लावायच्या आधी गाडी नीट होती ना?"

"हो. फक्त दोनेक वर्षांपासून अर्धा चोक ओढून ठेवावा लागतो. सांगितलं होतं तुला."

सांगितलं होतं खरं. मी हसलो होतो. म्हातारपणीची सवय, गरम गाडीला कशाला लागतो चोक! त्या अर्ध्या चोकने अण्णा चिरेतून येणाऱ्या हवेची भरपाई करत होते. गाडीचा सगळा इतिहास त्यांच्या बोटांत होता आणि मी महिनाभर प्लग बघत बसलो.

"मग पुन्हा का नाही सांगितलंत?"

"म्हटलं, तू इंजिनीयर. तुला माहीत असेल."

काय बोलणार!

रविवारी सकाळी नवीन जॉइंट बसवला. अण्णांनी खिळ्यावरची किल्ली घेतली, किक मारली. हात सवयीने चोककडे गेला आणि तिथेच थांबला. रेस शांतपणे खाली येऊन टिकली. पिशवी हँडलला अडकवून ते भाजीला गेले. मी गेटपाशी उभा राहून आवाज ऐकत होतो, कोपऱ्यावर वळेपर्यंत.

एक्स्पान्शन चेंबर माळ्यावर ठेवलाय. कधी बसवलाच तर आधी वेगवेगळ्या मापाचे मेन जेट आणीन, एका वेळी एकच बदलीन, प्रत्येक वेळी प्लग बघीन. आणि त्याच्याही आधी अण्णांना विचारीन.

असो. भेटू पुढच्या शनिवारी :-)