अळीचा कुलवृत्तांत

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कुलवृत्तांताचा एखादा जाडजूड ग्रंथ असतोच. मूळपुरुष कोण, तो कोणत्या गावाहून घाटावर आला, त्याची कोणती शाखा कोठे जाऊन स्थायिक झाली, हे सारे त्यात रेघारेघांनी मांडलेले असते. मात्र मुलगी लग्न होऊन गेली की तिच्या नावाखालची रेघ तेथेच थांबते. आमच्या घराण्याच्या ग्रंथाशेजारी ठेवावा असा दुसऱ्या एका कुळाचा वृत्तांत गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी तयार केला असून, त्यात रेघ ओढण्याची रीत नेमकी उलट आहे. हे कूळ म्हणजे मक्यावर पडणारी अमेरिकन लष्करी अळी. अळीच्या वंशावळीत सुज्ञ वाचकांनी मन का घालावे, असे कोणी विचारील. वेल्ह्याकडील आमच्या भाताच्या खाचरांत विष पडावे की न पडावे, हा प्रश्न ह्या वंशावळीवाचून सुटत नव्हता, एवढेच उत्तर मजपाशी आहे.

ही अळी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. शास्त्रीय नाव तीस १७९७ सालीच मिळाले होते. परंतु समुद्र ओलांडून ती आफ्रिकेत प्रथम दिसली २०१६ साली. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याच्या बाजूस मक्याच्या शेतांत ती सापडली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातही आली. पुढील वर्षाच्या आरंभी चीन आणि २०२० साली ऑस्ट्रेलिया! हिचा पतंग अनुकूल वाऱ्यावर एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत मजल मारतो आणि एकेक मादी हजाराच्या वर अंडी घालते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या दिग्विजयाचे फारसे आश्चर्य वाटत नाही. अळीच्या डोक्यावर रोमन लिपीतील 'वाय' हे अक्षर उलटे काढल्यासारखी फिकी खूण असते आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. मक्याच्या पोंग्यात शिरून ती आतल्या आत पाने खाते आणि वर लाकडाच्या भुशासारखी विष्ठा टाकून ठेवते.

आता आमच्या मुलुखाकडे येऊ. भोर आणि वेल्हे हा प्रदेश १९४८ साली विलीन होईपर्यंत पंतसचिवांच्या संस्थानात मोडत असे. तोरणा-राजगडाच्या पायथ्याची जमीन म्हणजे पावसाची आणि भाताची. वरकस उतारावर नाचणी आणि वरई होते खरी, परंतु वर्षाची बेगमी भातावरच. मका येथे वैरणीपुरता, कोठे बांधालगत, कोठे घरामागच्या तुकड्यात. लष्करी अळी हे नावही येथे नवे नाही. भातावरची देशी लष्करी अळी दिवसा बुंध्याशी दडते आणि रात्री वर चढून पिकत आलेल्या लोंब्या कुरतडून टाकते. सकाळी खाचरात दाण्यांचा सडा पडलेला दिसतो. ती निराळ्या जातीची. दोघींचे नावापुरतेच साम्य. तथापि ज्याने तो सडा एकदा पाहिला आहे त्यास नावही भिववावयास पुरते.

अशात एका पावसाळ्यात पुतण्याच्या मोबाईलवर बातमी आली की, भारतात आलेल्या ह्या परदेशी अळीत 'भात-वंशाची' खूण मोठ्या प्रमाणावर सापडली आहे. लावणी नुकतीच आटोपली होती. औषधाच्या दुकानदाराने दोन बाटल्या सुचविल्या आणि पुतण्या फवारणीचा पंप दुरुस्त करू लागला. मी त्या वेळी तेथेच होतो. वहिनी पडवीतून म्हणाल्या, "भावोजी, फवारायचं तर फवारा. पण वाडीतली पोरं ह्याच खाचरांतले खेकडे धरून नेतात, त्यांना काय सांगू ते आधी मला सांगा."

ह्या प्रश्नास उत्तर देता यावे म्हणून मी जे वाचले ते असे.

अमेरिकेत ह्या कुळाच्या दोन शाखा आहेत. एक मका, ज्वारी, कापूस ह्यांवर अधिक आढळते आणि दुसरी भात व कुरणातील गवते ह्यांवर. दिसण्यात दोघी हुबेहूब सारख्या, म्हणून त्यांची ओळख पटवावयास शरीराच्या आतील खुणा पाहाव्या लागतात. पहिली खूण पेशीतील तंतुकणिकांच्या जनुकांत असते आणि ती अपत्यांस केवळ आईकडून मिळते. आपल्या कुलवृत्तांतात मुलीची रेघ थांबते, तशी येथे मुलाची थांबते! दुसरी खूण एका विकराच्या जनुकात असून ते लिंगगुणसूत्रावर बसलेले आहे. पतंगांत व्यवस्था माणसाच्या उलट: नराजवळ हे गुणसूत्र दोन, मादीजवळ एकच. त्यामुळे मुलीला हे गुणसूत्र बापाकडूनच येते. म्हणजे एकाच मुलीच्या अंगी आईची एक खूण आणि बापाची दुसरी, दोन्ही निर्भेळ वाचता येतात. वंश शोधणाऱ्यास ह्याहून सोयीचा पुरावा कोणता हवा?

हा पुरावा वाचला तेव्हा आफ्रिकेत आणि भारतात चमत्कारिक गोष्ट दिसली. आईकडची खूण पुष्कळांत भात-वंशाची. परंतु दुसरी खूण जवळजवळ सर्वत्र मका-वंशाची. अर्थात कधी काळी भात-वंशाच्या एखाद्या मातेचा मका-वंशाशी संबंध आला आणि पुढे पिढ्यान् पिढ्या बाप मका-वंशाचेच मिळत गेले. आईची खूण तेवढी मागे राहिली, बाकीचा वारसा मक्याकडे झुकला. मी हे सांगितले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आडनाव आईचं आणि जिभेची चव बापाची. आपल्याकडे नेमकं उलटं."

ह्याहून सुटसुटीत सारांश मला कोणत्याही निबंधात आढळला नाही. जी खूण पाहून लोक भ्याले ती केवळ आडनावासारखी होती. भात ह्या अळीस वर्ज्य आहे असे नव्हे; परंतु शेतात पाहता तिचा ओढा मका, ज्वारी आणि ऊस ह्यांकडे दिसतो. शिवाय कोष करावयास तीस माती लागते, तेव्हा पाण्याने भरलेले खाचर तीस सोयीचे नाही. नजर ठेवावयाची ती रोपांच्या कोरड्या वाफ्यांवर आणि बांधालगतच्या मक्यावर.

गंमत अशी की, ज्या पिकासाठी ही धावपळ चालली होती तेही संकरातूनच आलेले. वडगाव मावळच्या केंद्राचा इंद्रायणी भात हा आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ ह्यांच्या संकरातून निघालेला आहे, आणि आमच्या घरी त्याचा भात शिजला म्हणजे सुवास आंबेमोहोराचाच येतो. असो.

वारशाची दुसरी बाजू मला अधिक गंभीर वाटते. ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातील विषांना दाद न देणारी जनुकरूपे ह्या परदेशी अळीत सापडली आहेत. ती तिने येथे कमावली नसून पूर्वजांकडून आणलेली आहेत. दुकानदाराच्या दोन बाटल्यांपैकी एक त्याच वर्गातील होती. खेकडे मेले असते, आणि ज्या अळीसाठी ते मारावयाचे ती कदाचित तशीच राहिली असती.

कुळाच्या प्रवासाविषयी मात्र शास्त्रज्ञांचे एकमत नाही. अमेरिकन शासनाच्या कृषिसंशोधन सेवेतील रॉड नागोशी ह्यांनी भारतीय सहकाऱ्यांसह २०१९ साली दाखविले की, दक्षिण आफ्रिकेतील आणि भारतातील अळ्या एकाच मूळ समुदायातून अलीकडे आलेल्या दिसतात. उलट ऑस्ट्रेलियातील टे व त्यांचे सहकारी ह्यांनी संपूर्ण जनुकसंच वाचून २०२२ साली असे मांडले की, आगमन एकदाच नव्हे तर अनेकदा आणि अनेक वाटांनी झाले असावे. मला दुसरे मत अधिक पटते, आणि तेच अधिक धास्तीचे आहे. वाट एक असेल तर ती बंद झाली असे मानता येते. वाटा पुष्कळ असतील तर उद्या एखाद्या बंदरावरील मालातून खरोखरीचा भात-वंश, बापाकडूनही भाताचा, उतरणार नाही कशावरून?

आमच्या खाचरांत त्या वर्षी फवारा पडला नाही. पुतण्याने मक्याच्या तुकड्यात कामगंध सापळा लावला आहे. दर आठवड्याला तो पोंगे उकलून पाहतो, पानावर अंड्यांचा पुंजका दिसला की बोटाने चिरडतो आणि सापळ्यातील पतंगांची संख्या भिंतीवरील दिनदर्शिकेत तारखेखाली लिहितो.