मुलुंडची माणसं

मध्य रेल्वेवर मुंबईची हद्द मुलुंडला संपते. पुढचं ठाणे दुसऱ्या जिल्ह्यात. १९५७ साली महापालिका इथवर पोचली. पण पूर्वेला नवघर, गव्हाणपाडा ही गावांची नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. पश्चिमेला पाच रस्त्याजवळचा कच्छी दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो आणि मुलाला हिशेब कच्छीत सांगतो. आमच्या जिन्यातल्या तमिळ आजी लेकीशी तमिळ, भाजीवालीशी मराठी, वॉचमनशी हिंदी आणि नातवाशी इंग्रजी बोलतात. जनगणनेच्या तक्त्यात मातृभाषेखेरीज आणखी दोनच भाषांना जागा असते. आजींची चौथी भाषा बाहेर राहते.

तरीही मला ते तक्ते वाचायला आवडतात. २०११ साली मुंबई उपनगर जिल्ह्यात ९३ लाख ५७ हजार माणसं होती आणि हजार पुरुषांमागे ८६० स्त्रिया. या आकड्यामागे मला वॉचमनची केबिन दिसते: खुंटीवर एक शर्ट, कोपऱ्यात स्टोव्ह, आणि रात्री जेवणानंतर मोबाइलवर गावाकडची बायको नि मुलं. कधीकाळी गिरणीत कामाला आलेले कोकणातले पुरुष असेच एकटे राहत. २००१ साली हेच प्रमाण ८२२ होतं. दहा वर्षांत ते वाढलं, याचा मला मनापासून आनंद होतो. थोडी कुटुंबं तरी एकत्र आली असतील.

त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती अडीच लाखांनी घटली आणि उपनगरांची सात लाखांनी वाढली. गिरगाव-लालबागची बिऱ्हाडं इकडे सरकली. आता इथे वाढलेल्या मुलांना इथलं घर परवडत नाही. ती डोंबिवलीला, बदलापूरला जातात. मागे म्हातारे आईवडील राहतात, आणि त्यांना सांभाळायला सकाळच्या गाडीने टिटवाळ्याकडून बाई येते. ती चहा करते, औषधं देते, आजोबांना हात धरून बागेपर्यंत नेते, त्यांच्या मुलाला फोन करून तब्येत कळवते. दिवसाचे दहा तास ती मुलुंडमध्ये असते. पण माणूस मोजला जातो तो राहत्या घरी, म्हणून मुलुंडच्या आकड्यात ती नसते. माझ्या मते दुपारी एक वाजता इथे जी माणसं असतात, त्या सगळ्यांचं मिळून हे गाव चालतं. पाणी, स्वच्छतागृहं, दवाखाने यांचा हिशेब मांडताना तीही धरायला हवीत.

२०११नंतर आपली मोजणी झालेलीच नाही. आता ती फेब्रुवारी २०२७मध्ये व्हायची आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा त्याला बसायला सांगा, पाणी द्या, घरातल्या प्रत्येकाची माहिती नीट सांगा. आणि तुमच्या इमारतीच्या केबिनमध्ये राहणाऱ्या माणसाचं नाव लिहिलं गेलं की नाही, तेही विचारा.