दोऱ्याने मोजलेले अंतर

‘अहो, न्यूयॉर्क इथून किती लांब हो?’ सौ.ने विचारले आणि मला आनंदच झाला. बायकोने आपल्याला काही माहिती विचारावी, असे प्रसंग संसारात फार थोडे येतात!

मी कपाटावरचा पृथ्वीचा गोल खाली काढला. मुलगा शाळेत असताना घेतलेला. आता गोलावर धूळ होती आणि मुलगा न्यूयॉर्कमध्ये. सौ.च्या शिवणाच्या डब्यातले रीळ घेऊन दोऱ्याचे एक टोक मी मुंबईवर धरले, दुसरे न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणला. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली असती तर रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी गेली असती. गोलावरचा दोरा मात्र वर उत्तरेला सरकला! रशिया, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे असे करीत तो ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरला. सर्वांत जवळची वाट ती हीच. सुमारे १२,५०० किलोमीटर.

‘आणि वेळ?’

‘ताशी ९०० किलोमीटरचा वेग धरला, तर १४ तास.’

‘त्याला जाताना तर १६ लागले होते.’

मग मी वाऱ्याचे प्रकरण काढले. विमाने उडतात त्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे मोठे प्रवाह वाहतात. कधी कधी ताशी ३०० किलोमीटरनेही. अमेरिकेला जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. शिवाय विमान काही नेमके दोऱ्यावरून चालत नाही. वारे आणि देशोदेशींच्या हवाई हद्दी पाहून वळसे घेते.

‘आणि गंमत म्हणजे, हिवाळ्यात तिकडचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे! सोमवारी दुपारी तिथून निघालेला माणूस १४ तासांतच उतरतो, पण इथे मंगळवारची दुपार झालेली असते.’

मी चांगलाच रंगात आलो होतो. सहज तिच्याकडे पाहिले. तिचे बोट अजून न्यूयॉर्कवरच होते.

पुढच्या आठवड्यात तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली होती. मुलाला कळवायचे नाही, असे तिनेच मला बजावले होते. ‘इतक्या लांबून धावत येईल पोर!’ तिचा प्रश्न भूगोलाचा नव्हता, हे मला आत्ता उमगले.

‘म्हणजे जाण्यापेक्षा यायला वेळ कमी लागतो?’

‘हो. दीड-दोन तास तरी.’

ती जरा वेळ गोलाकडे पाहत राहिली. मग दोरा पुन्हा रिळाला गुंडाळीत म्हणाली, ‘मग कळवा त्याला.’

मंगळवारी दुपारी तो आला. विमानाला सव्वाचौदा तास लागले, असे त्याने सांगितले आणि माझे गणित फारसे चुकले नाही म्हणून मी खुशीत आलो. सौ.ने खाटेवरूनच त्याच्या केसांतून हात फिरवला.

‘वारा चांगला मिळाला ना रे?’ तिने विचारले.