पैनगंगेपलीकडची आई

धनोड्याच्या पुलावरून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा संपतो आणि माहूरचे डोंगर समोर येतात. आज हा फरक कळतो तो रस्त्याकडेच्या पाटीवरून. पण १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, तेव्हापासून १९४८ पर्यंत ही नदी म्हणजे दोन अंमलांची शीव होती. आर्णी-पुसदकडची जुनी माणसं पलीकडच्या मुलखाला मोगलाई म्हणत आणि त्याच मोगलाईत रेणुकेची ओटी भरायला जात. घर एका राज्यात, कुळाची देवी दुसऱ्या राज्यात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. परदेशी राहणाऱ्यांना मुळांबद्दल सतत ऐकवणाऱ्यांनी हे एकदा ध्यानात घ्यावं.

मी जर्मनीत, श्टुटगार्टला राहतो. रजा मोजकी, त्यात माहूर ठरलेलं.

रेणुकेच्या देवळाच्या पायऱ्या चढताना दोन्ही बाजूंना खण-नारळाची दुकानं, मग पान कुटल्याचा तो ओला, कातकट वास. इथला प्रसाद म्हणजे तांबूल: विड्याची पानं, कात, सुपारी कुटून केलेला लालसर गोळा. बोटं रंगतात, दातही. गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाही, शेंदराचा भव्य तांदळा आहे, नुसतं मुख. मागं पाहू नकोस असं बजावलेलं असताना परशुरामानं पाहिलं, आणि तोवर जमिनीतून वर आलेलं आईचं मुखच तेवढं राहिलं, असं सांगतात. घाईतल्या मुलाला आई एवढीच दिसते. व्हिडिओ कॉलवर मलाही तेवढीच दिसते.

बहुतेक गाड्या इथून दत्तशिखर, अनसूयाशिखर करून परत फिरतात. किल्ल्याकडे फारसं कुणी वळत नाही. श्टुटगार्टजवळ होहेनत्सोलर्न राजघराण्याचा डोंगरी किल्ला आहे. आजची वास्तू १८६७ साली पुरी झालेली, तरी तिकिटाला रांग. इकडे गोंड, बहमनी, इमादशाही, मोगल एवढ्या राजवटी पाहिलेला माहूरगड. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं हे ठाणं. हत्ती दरवाजात उभं राहिलं तर चिऱ्यांच्या सांध्यांतून उगवलेली झुडपं हाताला लागतात आणि खाली सागाच्या रानातून वळसा घेत गेलेली पैनगंगा दिसते.

मला इथं आठवते ती माहूरच्या देशमुख घराण्यातली सावित्रीबाई. औरंगजेबानं तिला रायबागन हा किताब दिला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली, तेव्हा खानाला शरण जाण्याचा शहाणा सल्ला देणारी हीच. 'शिवभारता'त तिचा उल्लेख आहे. परक्या दरबाराची चाकरी केली म्हणून आपण तिला गोष्टीतून अर्धवट बाहेर ठेवलं. परक्यांचीच चाकरी करणाऱ्या मला तो न्याय पटत नाही. हरलेली लढाई ओळखून शेकडो माणसांचे जीव वाचवणारी बाई माहूरच्या शाळकरी पोरींना तरी नीट माहीत असायला हवी.

तेव्हा माहूरला जाल तर तांबूल घेऊन लगेच गाडीत बसू नका. पाण्याची बाटली घ्या, उजेड आहे तोवर किल्ला चढा, आणि सोबतच्या लेकरांना रायबागनची गोष्ट तिथंच सांगा.