तान्ह्याचा कान: काही टिपणे

गणेश चवथीच्या दिवसांत घर पाहुण्यांनी भरतं, सर्दी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मग रात्री कान दुखून बाळ किंचाळून उठतं. आजी लसूण घालून खोबरेल कोमट करते. माया खरी, पण कानात तेल घालू नये. पडदा फुटला असेल तर ते थेट मध्यकर्णात जातं.

*

बाळ दात येतानाही कान ओढतं. म्हणून ऑटोस्कोपनं कानाचा पडदा लाल आणि फुगलेला दिसल्याशिवाय अँटिबायोटिकचं नाव काढू नये.

*

सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर अँटिबायोटिक लगेच. त्यापुढे दोन वर्षांपर्यंत एकच कान, ताप कमी, कान वाहत नाही, अशा वेळी पॅरासिटामॉल देऊन 48 ते 72 तास थांबता येतं, असं अमेरिकी बालरोगतज्ज्ञांचं 2013 चं मार्गदर्शन सांगतं. मला ते पटतं. पण गोव्यात तेरेखोलहून फेरीबोट धरून आलेल्या आईला नुसतं ‘थांबून बघा’ म्हणणं अन्यायाचं आहे. परत कधी यायचं, कशावरून घाबरायचं, रात्री कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून द्या. नाहीतर ती फार्मसीत जाऊन ‘जरा स्ट्राँग द्या’ म्हणणारच.

*

स्ट्राँग म्हणजे बहुधा सेफिक्झिम. मार्च 2014 पासून ते शेड्यूल एच-1 मध्ये आहे: चिठ्ठीशिवाय विक्री नाही, रजिस्टरात नोंद सक्तीची. कानासाठी पहिली निवड मात्र साधं अमॉक्सिसिलिन.

*

अमॉक्सिसिलिनच्या ड्राय सिरपची बाटली. आत पांढरी पूड. उकळून थंड केलेलं पाणी खुणेच्या थोडं खाली घालायचं, हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरायचं. घाईत फेसालाच पाणी समजलं की औषध दाट होतं आणि प्रत्येक मात्रा चुकते. घरातला चमचा नको, मापाची पिचकारी घ्या. मात्रा वजनावर ठरते, म्हणून उरलेलं औषध शेजारच्या बाळाला देऊ नका. कालवलेलं सिरप बहुधा सात दिवसच टिकतं. दोन वर्षांखालच्या बाळाला दहा दिवसांचा कोर्स असेल तर दुसरी बाटली लागते. ती आणलीच जात नाही, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

*

कानाच्या संसर्गाचं एक कारण असलेल्या न्यूमोकोकसची लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. डिचोलीच्या आरोग्य केंद्रातही फुकट.

*

ताप उतरला तरी पडद्यामागचं पाणी काही आठवडे राहतं. त्यासाठी पुन्हा अँटिबायोटिक नको. तीन महिन्यांनंतरही ते तसंच असेल, किंवा हाक मारल्यावर बाळ वळत नसेल, तर गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेऊन कान तपासून घ्यावा.