कुंडीतील रोपांची कैफियत

वैशाखात वरोऱ्याचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे गेला, म्हणजे मृगासाठी टाकलेली मिरची-वांग्याची रोपे अंगणात राखणे अशक्यप्राय होते आणि कुंड्यांचा सारा परिवार माजघरात येतो. तेथे उन्हापासून त्यांचा बचाव होतो खरा, परंतु माणसाच्या निकट सहवासाची संकटेही तेथेच सुरू होतात. आणि त्यांतील पहिला आरोपी बहुधा जाता-येता हाती लागणारा तांब्या असतो.

रोप मलूल दिसले की लोक पानाकडे पाहतात आणि पाणी घालतात. माझी रीत अशी की, प्रथम कुंडी उचलून तिचे वजन अजमावावे, मग मातीत पेरभर बोट खुपसावे आणि त्यानंतरच पानांची जबानी घ्यावी. कारण तहानलेले रोप आणि मुळे गुदमरलेले रोप, दोन्ही वरून सारखीच मान टाकतात. आमची काळी माती शेतात कपाशीला कितीही मानवो, कुंडीत एकटी भरली तर ओली असता हवेस मज्जाव करते, आणि वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग ओतलेले पाणी त्या फटीतून थेट तळाशी जाते, मुळे कोरडीच राहतात, आणि मालक मात्र पाणी दिल्याच्या समाधानात असतो. म्हणून त्या काळ्या मातीत नदीची वाळू आणि पुरते कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे. ताजे शेण मात्र कदापि नको, त्याच्या उष्णतेने मुळे होरपळतात.

जमिनीलगत खोड पाणचट होऊन दोऱ्याएवढे बारीक पडले आणि रोप रातोरात आडवे झाले, तर ती मर. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशींचा अंमल कोंदट ओलीत चालतो, आणि त्यांस कुळाची भीडमुर्वत नसते; भिवापुरी मिरची असो, की वांगे असो. पडलेले रोप उठत नाही. ते मातीसकट काढावे, शेजाऱ्यांचे पाणी तोडावे, खिडकी उघडून वारा खेळू द्यावा आणि मोरचूद-चुन्याच्या सौम्य बोर्डो मिश्रणाची आळवणी करावी.

किडकिडीत, पांढुरके, खिडकीकडे वाकलेले रोप खताची नव्हे, उजेडाची फिर्याद करीत असते. खरी पाने फुटेपर्यंत बीजदलांतील शिदोरीच त्याला पुरते, हे उत्साही बागवानांस पटवणे फार कठीण! पुढे जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची उणीव समजावी. कोवळी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, असा केवडा दिसला तर विहिरीच्या चुनखडीयुक्त पाण्याचा संशय घ्यावा. असे पाणी मुरलेल्या मातीत लोह असूनही मुळांच्या हाती लागत नाही. म्हणून हिराकशीचे पातळ द्रावण सायंकाळी पानांवरच फवारावे, आणि त्याचा गुण जुन्या पानांत न शोधता नव्या फुटव्यात पाहावा.