पेटीतील पोथ्या आणि नोंदवहीतील क्रमांक

प्रशासनात वस्तू असणे आणि वस्तूची नोंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जडवस्तू संग्रह नोंदवहीत ज्या खुर्चीची नोंद नाही, ती नाहीशी झाली तर जाब कोणाला विचारणार? हा रुक्ष नियम सांस्कृतिक ठेव्यालाही लागू पडतो, हे वाराणसीत एका मित्रासमवेत संग्रहालये पाहताना प्रकर्षाने जाणवले.

मित्र काशीचाच. त्याचे पूर्वज पेशवाईत येथे आले आणि ब्रह्माघाट-दुर्गाघाट परिसरातील मराठी वस्तीत स्थिरावले. घरी एका लाकडी पेटीत पूर्वजांच्या हस्तलिखित पोथ्या आहेत. वाडा दुरुस्तीला काढायचा ठरला आणि पेटीचा प्रश्न उभा राहिला. भाऊ पुण्यात, बहीण अमेरिकेत. पोथ्या एखाद्या संस्थेला द्याव्यात असे दोघांचे मत. मित्राचे मन मात्र तयार होत नव्हते.

सकाळी आम्ही सारनाथला गेलो. येथे १७९४ साली बाजाराच्या बांधकामाकरिता विटा काढताना एका स्तूपातून अस्थी असलेला करंडक निघाला. त्या अस्थी गंगेत विसर्जित झाल्या. भावना चांगली असेल, पण इतिहासाचा एक पुरावा कायमचा गेला. पुढे १९०५ साली अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष सापडले. उत्खनन करणारे ओर्टेल हे सार्वजनिक बांधकाम खात्यातील अभियंता होते. वस्तू जिथे सापडली तिथेच जपावी, या धोरणातून १९१० साली येथील संग्रहालय पूर्ण झाले. २६ जानेवारी १९५० रोजी हेच शीर्ष राष्ट्रचिन्ह म्हणून स्वीकारले गेले. आयुष्यभर ज्या मुद्रेखाली सह्या केल्या, तिच्या मूळ रूपासमोर उभे राहिल्यावर मन नम्र होते. कागदावर तीनच सिंह दिसतात. चौथा पाहण्यासाठी इथे येऊन प्रदक्षिणा घालावी लागते.

दुपारी काशी हिंदू विश्वविद्यालयातील भारत कला भवन पाहिले. राय कृष्णदास यांनी १९२० साली ही संस्था सुरू केली. रवींद्रनाथ ठाकूर तिचे पहिले अध्यक्ष होते. १९५० साली संग्रह विश्वविद्यालयाकडे आला. आज तेथे एक लाखाहून अधिक वस्तू आहेत. लघुचित्रे, मूर्ती आणि बनारसी वस्त्रे पाहता पाहता मित्र एकाएकी म्हणाला, "दिलेली पोथी मला पुन्हा पाहायला मिळेल का रे? की तीही कुलुपातच जाईल?"

हा प्रश्न भावनेचा वाटला तरी मुळात प्रशासनाचा आहे. देणगीदार विश्वासाने देतो आणि पुढे कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हेदेखील कळत नाही, असे घडू शकते. म्हणून मी त्याला चार गोष्टी सुचविल्या. प्रथम घरीच यादी करावी: पोथीचे नाव, पानांची संख्या, लेखनिकाचे नाव, शक. प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. देताना दानपत्र करावे आणि त्यात अभ्यासकांना व कुटुंबीयांना पाहण्याची मुभा लिहून घ्यावी. शेवटी, प्रत्येक पोथीला मिळालेला नोंदवहीतील क्रमांक लेखी मागावा.

घाटावर परतल्यावर त्याने निर्णय सांगितला. आजोबांच्या नित्यपाठाची एक पोथी घरी राहील. बाकीच्या यादी झाल्यावर जातील. मला तो योग्य वाटला. संस्थेला सारेच हवे असते, पण घराचाही काही अधिकार आहे.

परदेशी असलेल्या मराठी वाचकांसाठी एक सूचना. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्याची हस्तलिखिते पुरावशेष ठरतात आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे गावचे घर विकण्यापूर्वी माळ्यावरची पेटी अवश्य उघडावी. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ व भांडारकर संस्था, काशीत संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाचे सरस्वती भवन, अशी ठिकाणे आहेत. रद्दीवाला मात्र क्रमांक देत नाही. तो फक्त वजन करतो.